नांवाची मुदत

मुंबईच्या श्रोत्यांस कसारा हें नांव लोकलच्या कपाळावर रोज दिसतें. परंतु त्या गाडीच्या शेवटापर्यंत जाणारे त्यांत थोडेच. मुंबईहून सुमारें १२० किलोमीटरांवर, शहापूर तालुक्यांत, थळ घाटाच्या पायथ्याशीं लोकलची वाट संपते. तेथें उतरणाऱ्यांत आसपासच्या पाड्यांवरचे लोक असतात, रोज मुंबईस ये-जा करणारे नोकरदार असतात, आणि सुटीच्या आदल्या रात्रीं पाठीवर पिशव्या बांधून रतनगड, सांधण दरी किंवा भंडारदरा यांकडे निघालेली तरुण मंडळीहि असते. या मंडळीच्या आधारानें घाटाच्या आसपास लहान लहान धंदे उभे राहतात. आज मला बोलावयाचें आहे तें मात्र अशा धंद्यांविषयीं नव्हे, त्यांच्या नांवांविषयीं.

समजा, कसाऱ्याच्या एका गृहस्थानें उतारूंसाठीं चार खोल्या बांधल्या, जेवणाची सोय केली, आणि मुंबईकरांस घरबसल्या जागा राखून ठेवतां यावी म्हणून इंटरनेटवर आपली वेबसाइट उघडली. तिला एक नांव दिलें. तें रस्त्यावरच्या पाटीवर रंगविलें, पावतीपुस्तकावर छापलें, आणि येऊन गेलेल्या पाहुण्यांनीं तें आपापल्या मोबाइलमध्यें टिपून ठेवलें. चार वर्षें सर्व सुरळीत चाललें. पांचव्या वर्षीं एका सकाळीं दादरच्या एका कुटुंबानें तें नांव उघडलें, तों समोर जुगाराची जाहिरात! गृहस्थाचा धंदा बुडाला नव्हता, कर्ज थकलें नव्हतें, कोणीं चोरीहि केली नव्हती. नांवाची मुदत संपली होती, एवढेंच. मुदत संपत आली आहे हें त्याला कळविण्याचें काम कोणाचें होतें, आणि कळविलें असल्यास तें कोणाला कळविलें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा गृहस्थ माझ्या कल्पनेंतला आहे. त्याच्यावरचा प्रसंग मात्र कल्पनेंतला नाहीं. तो मोठमोठ्यांवर आलेला आहे, व त्यांची हकीगत पुढें येईलच. प्रथम असें नांव मुळांत कोणाचें असतें तें पाहूं.

इंटरनेटवरील अशा नांवास डोमेन नांव म्हणतात. विक्रेते तें 'विकत घ्या' अशी जाहिरात करतात, आणि ग्राहकहि आपण तें विकत घेतलें असें समजून चालतो. वस्तुतः तें भाडेपट्ट्यानें मिळतें. पट्टा एका वर्षाचा असतो, दोन वर्षांचा असतो, फार तर दहा वर्षांचा. त्याहून लांबची मुदत डॉट कॉम किंवा डॉट इन यांपैकीं कशालाच मिळत नाहीं. हीं नांवें ज्या वह्यांत नोंदलेलीं असतात त्या ठरावीक संस्थांच्या ताब्यांत आहेत. डॉट कॉमची वही व्हेरिसाइन या अमेरिकन कंपनीकडे. डॉट इनची वही नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, या २००३ मध्यें स्थापन झालेल्या आपल्याकडील संस्थेकडे. देवनागरींतील 'डॉट भारत' हें शेपूट २०१४ मध्यें खुलें झालें, त्याचीहि वही निक्सीच सांभाळते. तेव्हां कसाऱ्याच्या गृहस्थानें मनांत आणल्यास त्याला आपलें नांव मराठी अक्षरांतहि घेतां येईल. परंतु ग्राहकाला या वहीपर्यंत स्वतः जातां येत नाहीं. मध्यें रजिस्ट्रार असतो. रजिस्ट्रार म्हणजे ग्राहकाकडून पैसे घेऊन वहींत नोंद करून देणारी मान्यताप्राप्त कंपनी. रजिस्ट्रारच्या हाताखालीं पुनर्विक्रेते असतात, आणि पुनर्विक्रेत्याच्या अलीकडे, कल्याणला किंवा ठाण्याला राहणारा, वेबसाइट बांधून देणारा एखादा हुशार तरुण असतो. आमच्या गृहस्थाची ओळख काय ती या तरुणाशीं. रजिस्ट्रारचें नांवहि त्यानें कधीं ऐकलेलें नसतें.

मुदत म्हणजे काय, हें कसाऱ्याहून रोज मुंबईस जाणाऱ्या माणसाला शिकवावें लागत नाहीं. त्याच्या पासावर तारीख असते. ती उलटल्यास नवा पास काढण्याचें काम त्याचें. रेल्वेनें घरीं येऊन आठवण करावी अशी अपेक्षा तो करीत नाहीं. मग डोमेनच्या रजिस्ट्रारनें तरी आठवण कां करावी, असें कोणी विचारील. उत्तर असें कीं, पास संपला तर दुसऱ्या दिवशीं खिडकीवर नवा मिळतो. चुकून तसेंच गाडींत बसलों तर फार तर दंड भरावा लागतो. आपला पास संपला म्हणून तो तिऱ्हाइताच्या नांवें निघाला आणि आपल्याला गाडींत बसण्याची कायमची बंदी झाली, असें होत नाहीं. डोमेनचें नेमकें तसें होतें. एका शेपटाखालीं एक नांव एकालाच मिळतें. तें एकदां दुसऱ्याकडे गेलें कीं रांगेंत पुन्हां उभें राहून उपयोग नाहीं. शिवाय पासावरची तारीख निदान डोळ्यांसमोर असते. डोमेनची तारीख ना पाटीवर असते, ना पावतीपुस्तकावर. ती असते रजिस्ट्रारच्या दप्तरांत, आणि जो जाणतो त्यानें न जाणणाऱ्यास सांगावें ही अपेक्षा त्यांतूनच निर्माण होते.

तारीख उलटली कीं नांव त्याच क्षणीं जातें असें नाहीं. डॉट कॉमसारख्या नांवांस वहींत ४५ दिवसांपर्यंत सवलतीचा काळ असतो. या काळांत जुन्या मालकास किती दिवस मुदत वाढवूं द्यावयाची, नांव लिलावास केव्हां काढावयाचें, कीं तें वहींतून खोडून टाकावयाचें, हें बव्हंशीं रजिस्ट्रारच्या करारावर अवलंबून असतें. खोडलें तर आणखी ३० दिवस तें मालकास सोडवून घेतां येतें. पण त्यासाठीं मूळ शुल्काच्या कित्येक पट रक्कम मोजावी लागते. नंतरचे पांच दिवस कोणालाच कांहीं करतां येत नाहीं, आणि मग नांव मोकळें होतें. त्या क्षणाची वाट पाहत जगभर यंत्रें बसविलेलीं आहेत. जुन्या नांवाकडे येणाऱ्या लोकांची रहदारी आयतीच मिळते, म्हणून जुगाराचे व अश्लील चित्रांचे व्यापारी अशीं नांवें हेरून ठेवतात.

नांवाबरोबर केवळ वेबसाइट जात नाहीं, हें येथें सांगितलें पाहिजे. त्या नांवावर चालणारा ई-मेलचा पत्रव्यवहारहि जातो. नव्या मालकानें मनांत आणलें, तर जुन्या मालकास पाठविलेलीं पत्रें त्याच्या पेटींत पडूं लागतात; बँकेचीं, गिऱ्हाइकांचीं, सरकारी खात्यांचीं. ज्या ज्या खात्याचा पासवर्ड त्या ई-मेलवरून बदलतां येतो, तें तें खातें मग त्याच्या हातीं लागण्याचा संभव असतो. तेव्हां चार खोल्यांच्या उतारगृहाची गोष्ट म्हणून हें सोडून देण्यासारखें नाहीं. शाळा, दवाखाने, सहकारी संस्था, गृहनिर्माण सोसायट्या यांचाहि व्यवहार अशाच नांवांवर चालतो, आणि तेथें नुकसान एका मालकाचें न राहतां विश्वासानें पत्र लिहिणाऱ्या प्रत्येकाचें होतें.

आतां नियमाकडे वळूं. इंटरनेटवरील नांवांची जागतिक व्यवस्था आयकॅन ही संस्था पाहते. ती १९९८ मध्यें अमेरिकेंत कॅलिफोर्निया येथें स्थापन झाली. डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग अशीं जीं कोणत्याहि एका देशाचीं नसलेलीं शेपटें आहेत, त्यांचे रजिस्ट्रार तिच्याशीं करारानें बांधलेले असतात. मुदत संपून नांव हातचें गेल्याच्या तक्रारी वाढूं लागल्या, तेव्हां सामान्य वापरणाऱ्यांच्या प्रतिनिधींनीं या प्रश्नाची चौकशी मागितली. तिच्यावर कांहीं वर्षें खल झाला, आणि ३१ ऑगस्ट २०१३ पासून एक धोरण लागू झालें. त्याप्रमाणें मुदत संपण्याच्या सुमारें एक महिना आधीं एक, व सुमारें एक आठवडा आधीं दुसरी, अशा निदान दोन सूचना रजिस्ट्रारनें नोंदलेल्या मालकास पाठविल्याच पाहिजेत. तरीहि मुदत वाढविली गेली नाहीं व नांवहि खोडलें गेलें नाहीं, तर मुदत संपल्यावर पांच दिवसांच्या आंत आणखी एक. सूचना मिळण्यासाठीं ग्राहकाला आपण होऊन कांहीं करावें लागूं नये असेंहि त्यांत आहे. म्हणजे 'आमच्या वेबसाइटवर येऊन आपलें खातें उघडाल तर तारीख दिसेल' एवढ्यानें भागत नाहीं. मुदतवाढीचें शुल्क किती, मुदत उलटल्यावरचें किती, आणि सोडवणुकीचें किती, हेंहि आधींच जाहीर करावें लागतें.

या धोरणांतील सर्वांत शहाणपणाचें कलम मात्र सूचनेचें नाहीं. तें असें आहे: मुदत उलटल्यानंतर ज्या काळांत मालकास ती वाढवूं दिली जाते, त्या काळाच्या अखेरचे निदान सलग आठ दिवस रजिस्ट्रारनें त्या नांवाचा चालू मार्ग तोडून ठेवला पाहिजे. वेबसाइट दिसूं नये, ई-मेल पोंचूं नये. वरवर हें क्रूर वाटतें. चालत्या दुकानाची वीज तोडावी तसें. परंतु जो मनुष्य पत्रें वाचीत नाहीं, किंवा ज्याला तीं मिळतच नाहींत, तोहि दुकानांत अंधार झाला म्हणजे चौकशीला धांवतो. नांव परत मिळण्याची वेळ अजून शिल्लक असतांनाच हा अंधार पाडावयाचा, यांत त्या कलमाचें मर्म आहे.

कसाऱ्याच्या घाटांत रेल्वेच्या इंजिनिअरांनीं हीच बुद्धि चालविलेली आहे. कसारा ते इगतपुरी हा मार्ग १८६५ मध्यें खुला झाला. ३७ फुटांस १ फूट असा त्याचा चढ. वर जाणाऱ्या गाडीस कसाऱ्याला जादा इंजिनें जोडावीं लागतात, हें त्या वाटेनें नाशिकला गेलेल्या पुष्कळांनीं पाहिलें असेल. उतरणाऱ्या गाडीचा धोका याहून निराळा व अधिक मोठा. ब्रेक लागेनासे झाले तर? म्हणून घाटांत मुख्य रुळांपासून फुटून उंचवट्यावर जाऊन संपणारे आडमार्ग ठेवण्याची पद्धत आहे. त्यांना कॅच सायडिंग म्हणतात. रुळांचा सांधा एरवीं या आडमार्गाकडेच वळविलेला असतो. उतरती गाडी ठरल्या जागीं थांबून ताब्यांत असल्याची खात्री पटली, तरच तिला मुख्य मार्ग मिळतो. ड्रायव्हरला सावध करण्यासाठीं पाटी लावणें वेगळें, आणि पाटी पाळली गेली नाहीं तर काय, याची तजवीज करून ठेवणें वेगळें. डोमेनच्या धोरणांत सूचना ही पाटी आहे, आणि आठ दिवसांचा अंधार हा आडमार्ग.

अपघात बहुतेक पाटीपाशीं होतात. नियमानें रजिस्ट्रारवर टाकलेली जबाबदारी सूचना पाठविण्याची आहे, पोंचविण्याची नाहीं. ती बहुधा इंग्रजींत असते, ई-मेलनें जाते, आणि नोंदींत जो पत्ता असेल त्या पत्त्यावर जाते. नोंदींत पत्ता कोणाचा? आमच्या गृहस्थाच्या बाबतींत त्या हुशार तरुणाचा. त्यानें वेबसाइट बांधतांना सोयीसाठीं आपलाच ई-मेल लिहिला, आणि पुढें तो नोकरी धरून बंगळूरला गेला. सूचना बंगळूरच्या पेटींत पडते आणि इतर शंभर पत्रांखालीं दबून जाते. दुसरा प्रकार याहून विचित्र. कित्येक मालक अभिमानानें आपल्याच डोमेनवरचा ई-मेल नोंदींत देतात. मुदतीपूर्वींच्या दोन सूचना तेथें पोंचतात, पण मार्ग तुटल्यानंतर पाठविलेलें पत्र, ज्या घराला कुलूप लागलें त्याच घराच्या दारांतून आंत टाकावयाचें असतें! ग्राहकाची नोंदलेली माहिती वर्षांतून एकदां त्याच्यापुढें ठेवून ती तपासावयास सांगावें, असाहि आयकॅनचा एक नियम २००३ पासून झाला. परंतु तें पत्रहि जातें त्याच पत्त्यावर.

याचें ठळक उदाहरण मुंबईंतलेंच आहे. फेब्रुवारी २०१८ मध्यें भारतीय क्रिकेट संघ दक्षिण आफ्रिकेंत एकदिवसीय सामने खेळत होता, आणि ऐन त्या दिवसांत भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची वेबसाइट एकाएकीं बंद पडली. वानखेडे स्टेडियमच्या आवारांत ज्याची कचेरी, जगांतील सर्वांत धनाढ्य क्रिकेट मंडळ अशी ज्याची ख्याति, त्याच्या डोमेनची मुदत वाढविण्याचें राहून गेलें होतें. नांव लिलावाच्या यादींत लागलें, आणि त्या वेळच्या वृत्तपत्रांतील बातम्यांप्रमाणें सर्वांत वरची बोली होती २७० डॉलरांची. प्रश्न पैशाचा नव्हता हें उघड आहे. त्याच बातम्यांतून पुढें आलें कीं, तें नांव २००६ मध्यें मंडळाच्या तेव्हांच्या एका पदाधिकाऱ्यानें आपल्या नांवें नोंदविलें होतें, आणि तो तर मंडळांतून केव्हांच बाहेर पडला होता. नोंदींत मालक म्हणून जो नाहीं, त्याच्या टेबलावर सूचना येण्याचें कारणच काय? वेबसाइट लवकरच पूर्ववत चालू झाली. कसाऱ्याच्या गृहस्थाला इतक्या लवकर कोणी वाली भेटला असता असें मला वाटत नाहीं.

त्याच्या अठरा वर्षें आधीं, १९९९ च्या नाताळांत, मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीवरहि हीच पाळी आली होती. हॉटमेलच्या खात्यांत शिरण्यासाठीं जें डोमेन लागे, त्याचें शुल्क भरण्याचें राहिलें, आणि असंख्य लोकांना आपलीं पत्रें उघडेनात. शेवटीं अमेरिकेंतल्या एका प्रोग्रामरनें कारण शोधून काढून ३५ डॉलरांचें तें शुल्क आपल्या खिशांतून भरलें. असा शेजारधर्म पाळणें आज अधिक अवघड झालें आहे. पूर्वीं नोंदवहींतील मालकाचें नांव व पत्ता कोणालाहि पाहतां येई. २०१८ मध्यें युरोपचा खासगी माहितीच्या रक्षणाचा कायदा अमलांत आल्यापासून हा तपशील बहुधा झांकलेला असतो. तें योग्यच आहे, कारण त्या पत्त्यांचा दुरुपयोग थोडा झाला नव्हता. परंतु परक्याला मालक दिसेनासा झाला, म्हणजे त्याला सावध करूं शकणारा एकटा रजिस्ट्रारच उरला, आणि त्याची जबाबदारी तितकी वाढली.

दुरुपयोगाचा विषय निघालाच आहे, म्हणून सांगतों. मुदत संपण्याच्या सुमारास दुसऱ्याच कोणी कंपनीनें 'आपलें नांव जात आहे, त्वरित पैसे भरा' असें बिलासारखें पत्र पाठवावें, आणि घाबरलेल्या ग्राहकानें पैसे भरले कीं नांव आपल्याकडे ओढून घ्यावें, असा धंदाहि चालतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें अशा एका कंपनीवर २००३ मध्यें कारवाई केली होती. अशीं दोन-तीन खोटीं पत्रें आल्यावर शहाणा ग्राहक काय करतो? तो सर्वच पत्रें केराच्या टोपलींत टाकतो, आणि त्यांत एखादें खरें असतें.

रजिस्ट्रारची बाजूहि ऐकून घेतली पाहिजे. त्याच्याकडे लक्षावधि नांवें असतात, एका नांवामागें सुटणारा नफा अल्प असतो, आणि ग्राहकानें पत्ता खोटा किंवा जुना दिला तर तो काय करणार? हें म्हणणें खरें आहे. परंतु अर्धेंच खरें आहे. नवें कांहीं विकावयाचें असतें तेव्हां याच कंपन्यांना ग्राहकाचा मोबाइल क्रमांक बरोबर सांपडतो. मुदत संपण्याच्या वेळींच तो कां सांपडूं नये? आणि याहून अवघड गोष्ट अशी कीं, ग्राहक गप्प राहिला तर रजिस्ट्रारचें नुकसान होतेंच असें नाहीं. उशिरा जागा झालेला ग्राहक जादा शुल्क देतो. मुळींच जागा न झालेल्याचें नांव, चांगलें असेल तर, लिलावांत जातें, आणि त्या पैशांत रजिस्ट्रारचा वांटा असतो. लिलावांत गेलेलें नांव बहुधा खोडलें न जातां परस्पर नव्या मालकाच्या नांवें चढतें, म्हणून सोडवणुकीचे ते ३० दिवसहि जुन्या मालकाच्या वांट्याला येत नाहींत. ज्याच्या मौनांत आपला फायदा आहे त्याला हांक मारून उठविण्याचें काम आपल्याकडे असावें, ही स्थिति कोणत्याहि प्रामाणिक माणसालाहि अवघडच. म्हणून तें काम त्याच्या मर्जीवर न सोडतां नियमानें बांधलें पाहिजे, आणि नियम आजच्यापेक्षां घट्ट पाहिजे.

सूचनेचें बंधन आपल्या कायद्याला नवें नाहीं. १९३८ च्या विमा कायद्याच्या ५० व्या कलमानें, हप्ता थकल्यास विमेदारापुढें कोणते मार्ग मोकळे आहेत हें तीन महिन्यांच्या आंत त्याला कळविण्याची जबाबदारी विमा कंपनीवर टाकली. याहून जवळचें उदाहरण व्यापारचिन्हांचें, म्हणजे ट्रेडमार्कचें. ट्रेडमार्कची नोंदणी दहा वर्षांची असते व पुन्हां पुन्हां वाढवितां येते. मुदत संपण्यापूर्वीं सरकारी रजिस्ट्रारनें मालकास तारखेची व शुल्काची सूचना पाठविली पाहिजे, असें १९९९ च्या कायद्याचें २५ वें कलम सांगतें. सिप्ला कंपनीनें या मुद्द्यावर दाद मागितली तेव्हां मुंबई उच्च न्यायालयानें २०१३ मध्यें निर्णय दिला कीं, ही सूचना दिल्यावांचून चिन्ह नोंदवहींतून काढून टाकतां येत नाहीं. योगायोग असा कीं, आयकॅनचें धोरण लागू झालें तें वर्षहि हेंच. दोहोंतला फरक मात्र पाहण्यासारखा आहे. ट्रेडमार्कच्या रजिस्ट्रारनें सूचना दिली नाहीं तर चिन्ह काढणेंच बेकायदा ठरतें. डोमेनच्या रजिस्ट्रारनें ती दिली नाहीं तर त्याच्याविरुद्ध आयकॅनकडे तक्रार करतां येते, पण तोंवर नांव दुसऱ्याच्या हातीं गेलेलें असतें. आणि डोमेन हें ट्रेडमार्कहून हलक्या प्रतीचें आहे असेंहि नव्हे. रेडिफ या नांवाशीं मिळतेंजुळतें नांव घेणाऱ्याविरुद्धच्या प्रकरणांत याच न्यायालयानें १९९९ मध्यें डोमेन नांव हें नुसत्या पत्त्याहून अधिक कांहीं आहे आणि त्याला ट्रेडमार्कसारखेंच संरक्षण मिळालें पाहिजे, असें मानलें होतें.

रजिस्ट्रारच कोसळला तर काय होतें, हाहि अनुभव आपल्या देशानें घेतला आहे. नेट ४ इंडिया ही जुनी कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखालीं आली, आणि तिच्या पुष्कळ ग्राहकांना पैसे भरावयाची तयारी असूनहि नांवांची मुदत वाढवितां येईना. आयकॅनकडे तक्रारींचा ढीग पडला. अखेर २०२१ मध्यें आयकॅननें तिची मान्यता काढून घेतली, व तिच्याकडचीं डॉट कॉमसारखीं नांवें मुंबईच्या पब्लिक डोमेन रजिस्ट्री या रजिस्ट्रारकडे सोंपविलीं. येथें ग्राहक जागे होते, झोंपला होता तो सूचना देणारा.

माझ्या मतें नियमांत दोन गोष्टींची भर पडावयास पाहिजे. सूचनेचा ई-मेल परत आला किंवा उघडलाच गेला नाहीं, तर रजिस्ट्रारनें मोबाइलवर, ग्राहकाच्या भाषेंत, दुसरी हांक दिली पाहिजे. आणि ती दिल्याचा पुरावा असल्याखेरीज नांव लिलावास काढूं नये. डॉट इन व डॉट भारत या शेपटांवर आयकॅनचें हें धोरण आपोआप लागू होत नाहीं, कारण देशांच्या शेपटांचे नियम त्या त्या देशाची संस्था करते. तेव्हां निक्सीला कोणाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. आपल्या रजिस्ट्रारांशीं करावयाच्या करारांत तिला हें कलम आजहि घालतां येईल.

तोंवर ज्यांच्या घरीं किंवा संस्थेंत एखादें डोमेन आहे त्यांनीं एवढें पाहावें. नोंदींत मालक म्हणून स्वतःचें किंवा संस्थेचें नांव आहे ना, वेबसाइट बांधणाऱ्याचें तर नाहीं ना? ई-मेल त्याच डोमेनवरचा न देतां बाहेरचा दिला आहे ना, आणि मोबाइल क्रमांक चालू आहे ना? रजिस्ट्रारचें नांव ठाऊक नसेल तर तें वेबसाइट बांधणाऱ्याला आजच विचारून टिपून ठेवावें, व मुदतीची तारीख विम्याच्या व मालमत्ता कराच्या तारखांशेजारीं भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहावी. पैसे आपोआप कापून घेण्याची सोय केली असेल, तर ज्या कार्डावरून ते जावयाचे तें अजून चालू आहे कीं नाहीं तेंहि पाहावें. डॉट कॉमची तारीख सार्वजनिक नोंदवहींत कोणालाहि पाहतां येते. मात्र तींत एक चकवा आहे. मुदत संपतांच ती वही सवलतीच्या काळापुरती आपोआप एक वर्ष पुढची तारीख दाखवूं लागते, मग ग्राहकानें पैसे भरलेले असोत वा नसोत. ती पाहून निश्चिंत झालेल्याचें नांव पुढच्याच महिन्यांत लिलावांत निघूं शकतें. पैसे भरल्याची पावती रजिस्ट्रारकडून हातीं आली नसेल, तर वहींतील ती तारीख खरी धरूं नये.